पॅच सांगेल, पण कोणाला?

छातीवर एक, पोटावर एक आणि हाताच्या बोटाला एक. मऊ वेष्टणातले हे तीन बिनतारी पॅच गरोदर बाईच्या अंगावर चिकटवले, की तिच्या हृदयाचे ठोके, श्वास, अंगातला ताप, रक्तातला ऑक्सिजन, रक्तदाबाचा चढउतार, गर्भाशयाच्या कळा, ती कोणत्या कुशीवर झोपली आहे आणि पोटातल्या बाळाचे ठोके कसे पडताहेत, हे सगळे शेजारच्या साध्या मोबाइलवर किंवा टॅब्लेटवर एकाच वेळी दिसू लागते. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले जॉन रॉजर्स आणि त्यांचे सहकारी यांनी ही रचना २०२१ साली तिथल्या नॅशनल ॲकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात मांडली. एरवी एवढे सगळे मोजायला निदान पाच वेगवेगळी यंत्रे लागतात. प्रत्येकाच्या वायरी वेगळ्या आणि प्रत्येकाचा पडदाही वेगळा. या पॅचची चाचणी शिकागोत ९१ आणि झांबियात ४८५ गरोदर स्त्रियांवर झाली. पॅच नीट मोजतात, वापरायला सोपे आहेत आणि सुरक्षित आहेत, एवढे त्यातून दिसले. पॅचमुळे एखादी आई किंवा एखादे बाळ वाचले का, हे तपासण्यासाठी ती चाचणी आखलेलीच नव्हती. माझ्या मते या तंत्राचे सगळे भवितव्य त्या न तपासलेल्या भागावर अवलंबून आहे.

आधी तंत्र समजून घेऊ, कारण त्याचे बळ आणि त्याची मर्यादा दोन्ही तिथेच दडलेली आहेत. रॉजर्स इलिनॉय विद्यापीठात असताना २०११ साली त्यांच्या गटाने त्वचेसारखे लवचिक इलेक्ट्रॉनिक्स जगापुढे ठेवले. सिलिकॉन एरवी ठिसूळ. पण त्याचा थर पुरेसा पातळ केला तर तो वाकतो, आणि धातूच्या तारा सरळ न ठेवता नागमोडी ठेवल्या तर त्वचा ताणली गेली तरी त्या तुटत नाहीत. अशा पॅचमधून हृदयाचा विद्युत आलेख मिळतो. गर्भाशय आवळते तेव्हा त्याच्या स्नायूंतही विद्युत हालचाल होते, तीही पोटावरून टिपता येते. म्हणजे कळा मोजायला पोटावर घट्ट पट्टा बांधावा लागत नाही. रक्तदाबाचे गणित जरा आडवळणाचे आहे. हृदयाचा ठोका पडला, की रक्ताची लाट बोटापर्यंत पोचायला सेकंदाचा काही अंश लागतो. दाब वाढला, की धमन्या ताठ होतात आणि लाट लवकर पोचते. छातीवरच्या पॅचने ठोक्याची वेळ टिपायची, बोटावरच्या पॅचने लाट पोचल्याची, आणि मधल्या फरकावरून दाबाचा अंदाज बांधायचा. दंडाला पट्टा बांधून घेतलेले हे माप नव्हे. तो अंदाज आहे, आणि हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

पोटातल्या बाळाचे ठोके विद्युत संकेतांवरून ओळखणे याहून अवघड. आईच्या हृदयाचा संकेत बाळाच्या संकेतापेक्षा कितीतरी मोठा असतो, त्यात तिच्या पोटाच्या स्नायूंची गडबड मिसळते. शिवाय साधारण २८ ते ३२ आठवड्यांच्या सुमारास बाळाच्या अंगावरचा पांढरा, चिकट थर विजेला अडवतो आणि संकेत आणखी क्षीण होतो. म्हणूनच गर्भाच्या हृदयाचा आलेख पोटावरून घेणारे पॅच मुख्यतः दिवस भरत आलेल्या गरोदरपणासाठी आणि प्रसूतीच्या वेळेसाठी वापरले जातात. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठातून निघालेल्या मोनिका हेल्थकेअर या कंपनीने असा पॅच बाजारात आणला आणि २०१७ साली जीई हेल्थकेअरने ती कंपनी विकत घेतली. आपल्याकडेही हात बांधून कोणी बसलेले नाही. बंगळूरच्या जनित्री कंपनीने बाळाचे ठोके आणि कळा टिपणारा अंगावरचा पॅच बनवला. मुंबईच्या केअरएनएक्सने बाळाच्या ठोक्यांची एनएसटी ही तपासणी मोबाइलला जोडलेल्या छोट्या यंत्रावर आणली.

बाळंतिणीच्या दृष्टीने यातला पहिला लाभ अगदी साधा आहे: तिला हिंडता येते. लेबर रूममध्ये सीटीजी यंत्राचे दोन पट्टे पोटावर बांधले, की बाईला कुशीवर वळायचीही चोरी. ती जरा हलली, की यंत्र सरकते, बाळाचे ठोके हरवतात किंवा आईचेच ठोके बाळाचे म्हणून कागदावर उमटतात, आणि सिस्टर येऊन पट्टा पुन्हा लावतात. प्रसूतीच्या पहिल्या टप्प्यात उभे राहिलेल्या, चालणाऱ्या स्त्रियांचा तो टप्पा पडून राहिलेल्यांपेक्षा सरासरी तासाभराहून अधिक लवकर संपतो, असे अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेतल्यावर २०१३ साली दिसले. कळा सोसणाऱ्या बाईचा एक तास वाचणे ही लहान गोष्ट नव्हे. केवळ एवढ्यासाठीही मी या पॅचचे स्वागत करीन. पण त्यांची जाहिरात एवढ्यासाठी होत नाही. पॅच लावला, की धोका वेळेवर कळेल आणि धोका वेळेवर कळला, की जीव वाचेल, असे सांगितले जाते. यातली पहिली पायरी पॅच चढवू शकतो. दुसरी आपोआप चढली जात नाही, आणि याचा पुरावा गेल्या पन्नास वर्षांत इतक्या वेळा मिळाला आहे, की तो बाजूला सारून पॅचबद्दल बोलताच येणार नाही.

सुरुवात त्या सीटीजीपासूनच करू. बाळाच्या ठोक्यांचा अखंड आलेख काढणारे हे यंत्र १९७०च्या दशकात श्रीमंत देशांच्या प्रसूतिगृहांत झपाट्याने पसरले. दर काही मिनिटांनी कान लावून ठोके ऐकण्यापेक्षा सतत ऐकणे चांगलेच असणार, असे सगळ्यांना वाटले. पुढे १३ चाचण्या आणि ३७ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र करून कॉक्रेन या संस्थेने आढावा घेतला. त्याच्या २०१७च्या आवृत्तीनुसार, अखंड आलेखाने जन्माच्या सुमारास दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण घटले नाही आणि सेरेब्रल पाल्सीचेही नाही. नवजात बाळांना येणारे झटके निम्म्यावर आले, हा खरा फायदा. पण असे झटके मुळात क्वचित येतात. सिझेरियन मात्र सुमारे ६० टक्क्यांनी वाढली. आलेखातला प्रत्येक बिघाड म्हणजे बाळाला धोका असे नसते. पण कागदावर बिघाड दिसल्यावर डॉक्टरांना वाट पाहणे अवघड जाते आणि हात सुरीकडे वळतो.

घरी बसून मोजण्याची कल्पनाही नवी नाही. वेळेआधी प्रसूती होईल अशी भीती असलेल्या स्त्रियांना १९८०च्या दशकात अमेरिकेत घरी न्यायचे यंत्र मिळू लागले. पोटाला पट्टा बांधायचा, कळांची नोंद टेलिफोनवरून केंद्राकडे पाठवायची, तिथली नर्स ती पाहून सल्ला देणार. आजच्या पॅचची ही जणू थोरली बहीणच. कॅलिफोर्नियात २,४२२ स्त्रियांचे तीन गट पाडले गेले: एका गटाला नर्सचा आठवड्यातून एक फोन, दुसऱ्याला रोज फोन, तिसऱ्याला रोज फोन आणि शिवाय घरचे यंत्र. १९९८ साली निकाल लागला. पस्तीस आठवड्यांआधी प्रसूत होणाऱ्यांचे प्रमाण तिन्ही गटांत जवळपास सारखेच निघाले. यंत्र वापरणाऱ्यांच्या दवाखान्याच्या अवेळी फेऱ्या आठवड्याला एकच फोन येणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट झाल्या आणि कळा थांबवण्याची औषधेही त्यांना जास्त दिली गेली. यंत्र कळा बरोबर मोजत होते. अडचण एवढीच, की वेळेआधीची प्रसूती खात्रीने थांबवेल असा उपाय डॉक्टरांच्या हाती तेव्हा नव्हता, आजही नाही. ज्या धोक्यावर इलाज नाही तो आधी कळून बाईच्या वाट्याला काळजी तेवढी आली.

रक्तदाबाचे तसे नाही, असे कोणी म्हणेल आणि ते बरोबरच आहे. गरोदरपणात वीस आठवड्यांनंतर रक्तदाब १४० आणि ९०च्या वर गेला आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांवर ताण दिसू लागला, की त्याला प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात. त्यावर औषधे आहेत. मॅग्नेशियम सल्फेटने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे २००२ साली दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या मॅगपाय चाचणीत सिद्ध झाले. म्हणजे इथे लवकर कळण्याला अर्थ आहे. तरीही ब्रिटनमध्ये जास्त धोका असलेल्या २,४४१ स्त्रियांच्या चाचणीत निम्म्यांना घरी रक्तदाब मोजायला लावले, तेव्हा त्यांचा वाढलेला दाब इतरांपेक्षा लक्षणीय असा लवकर दवाखान्यात नोंदला गेला नाही. हा निकाल २०२२चा. ब्रिटनमधली गरोदर बाई नेमाने सुईणीकडे तपासणीला जाते, तिथे घरच्या मापाची भर फारशी पडत नसावी, असे त्याचे एक स्पष्टीकरण देता येते. मग जिथे तपासण्याच तुटपुंज्या आहेत तिथे तरी फरक पडायला हवा.

तसा प्रयत्न आपल्या अगदी उंबरठ्यावर झाला आहे. बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत, शिवाय पाकिस्तान आणि मोझांबिकमध्ये, क्लिप नावाची चाचणी झाली. गावातल्या आरोग्यसेविकेच्या हाती रक्तदाबाचे यंत्र आणि धोका किती हे सांगणारे मोबाइल ॲप दिले. दाब फार वाढला तर जागेवर गोळी, मॅग्नेशियमचे इंजेक्शन आणि तातडीने पुढे पाठवणे, अशी साखळी आखली. २०२०च्या निकालात माता आणि बाळांचे मृत्यू व गंभीर आजार यांत एकूण फरक दिसला नाही. मात्र ज्या स्त्रियांची सेविकेशी आठ किंवा अधिक वेळा गाठ पडली, त्यांच्या बाळांचे निकाल चांगले निघाले. यात एक गोम आहे: ज्यांचे गरोदरपण पूर्ण दिवस टिकले त्यांनाच आठ भेटी मिळण्याची शक्यता जास्त, तेव्हा सगळे श्रेय भेटींना देता येत नाही. दुसरी चाचणी क्रेडल. तिचे एक केंद्र बेळगाव जिल्ह्यातले गोकाक. लंडनच्या किंग्ज कॉलेजने आफ्रिका, भारत आणि हैती मिळून दहा ठिकाणी, पाच लाखांहून अधिक प्रसूतींच्या काळात, नाडी आणि रक्तदाब पाहून हिरवा, पिवळा, लाल दिवा दाखवणारे यंत्र वापरायला दिले. मातामृत्यू, झटके आणि गर्भाशय काढावे लागणे यांचे एकत्रित प्रमाण दहा हजार प्रसूतींमागे ७९.४ वरून ७२.८ वर आले. पण ठिकाणाठिकाणांतला आणि काळानुसारचा फरक हिशेबात धरला, तेव्हा ही घट यंत्रामुळेच झाली असे म्हणता येईना. लाल दिवा सगळीकडे सारखाच लागत होता. तो पाहून पुढे काय होते, हे मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळे होते.

आता याच्या उलट उदाहरण पाहा, आणि त्यात इलेक्ट्रॉनिक्सचा कणही नाही. बाळंतपणानंतर बाईच्या खाली पसरायची प्लॅस्टिकची एक चादर. तिचे टोक निमुळत्या पिशवीसारखे, त्यावर मापाच्या रेषा. अंगावरून जाणारे रक्त त्या पिशवीत जमते आणि किती गेले ते डोळ्यांना दिसते. बेळगावच्या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कामात अशी चादर वापरली होती आणि नुसत्या नजरेने बांधलेला अंदाज चादरीच्या मापापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी भरतो, हे तेव्हाच दिसले होते. पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या ८० रुग्णालयांत, दोन लाखांहून अधिक प्रसूतींवर झालेल्या ई-मोटिव्ह चाचणीत तीच कल्पना वापरली गेली. पण एकटी नव्हे. रेषा ओलांडली, की काय करायचे ते ठरलेले: गर्भाशय चोळायचे, ते आवळण्याचे औषध, ट्रानेक्झामिक ॲसिड आणि सलाइन द्यायचे, रक्त कुठून जाते आहे ते तपासायचे, आणि थांबले नाही तर वरिष्ठांना बोलवायचे. हे एकामागून एक नव्हे, एकदमच. २०२३ साली निकाल आला. जिथे ही पद्धत वापरली तिथे अतिरक्तस्राव ९३ टक्के वेळा ओळखला गेला, जिथे नाही तिथे ५१ टक्के. उपचारांचा सगळा संच अनुक्रमे ९१ आणि १९ टक्के बाळंतिणींना मिळाला. आणि तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावे लागणे किंवा मृत्यू यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांऐवजी १.६ टक्के राहिले. गरोदरपण-बाळंतपणातल्या मोजमापाच्या इतिहासात इतका स्वच्छ निकाल मला दुसरा माहीत नाही.

हा निकाल इतरांपेक्षा वेगळा का लागला, याचे उत्तर चादरीच्या अचूकतेत नाही. माप घेणारी सिस्टर आणि उपचार करणारी सिस्टर एकच होती, ती खाटेशीच उभी होती आणि औषध त्याच खोलीत होते. मोजणे आणि करणे यांच्यामध्ये ना फोन होता, ना रस्ता, ना परवानगी. म्हणून माझे म्हणणे असे, की इलेक्ट्रॉनिक पॅचची पहिली जागा घर नव्हे. ती गर्दीची लेबर रूम आणि त्यानंतरचा बाळंतिणींचा वॉर्ड आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार भारतात ८८.६ टक्के प्रसूती रुग्णालयांत होतात, महाराष्ट्रात त्याहून अधिक. बायका दारापर्यंत आल्या आहेत. आत आल्यावर त्यांच्याकडे पाहायला माणूस पुरत नाही, ही आजची खरी उणीव आहे. रात्रपाळीला एका सिस्टरकडे अनेक बाळंतिणी असल्या, की प्रत्येकीची नाडी आणि बीपी ठरलेल्या वेळी घेणे प्रामाणिक माणसालाही जमत नाही, आणि केसपेपरवरचे आकडे मग अंदाजाने भरले जातात.

त्यातही बाळंतपणानंतरचे पहिले चोवीस तास पॅचसाठी सर्वांत मोलाचे. गरोदरपणात बाईच्या अंगातले रक्त सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. त्यामुळे बाळंतपणानंतर बरेच रक्त गेले तरी तरुण शरीर रक्तवाहिन्या आवळून दाब टिकवून धरते. बाई बोलते, पाणी मागते, बाळाला जवळ घेते. दाब कोसळतो तेव्हा हातातला वेळ जवळजवळ संपलेला असतो. पण त्याआधी नाडी वाढू लागलेली असते. नाडीच्या आकड्याला वरच्या रक्तदाबाने भागले आणि उत्तर ०.९ किंवा त्याहून जास्त आले, की धोक्याची खूण समजतात. क्रेडलच्या यंत्रातला पिवळा दिवा याच आकड्यावर बसवला होता. नाडी ही पॅचला सर्वांत खात्रीने मोजता येणारी गोष्ट आहे, आणि तिचा चढता कल दोन तासांतून एकदा मनगट धरून कळत नाही. वॉर्डातल्या वीस बाळंतिणींपैकी आत्ता कोणाकडे आधी जायचे, एवढे जरी पॅचने सिस्टरला सांगितले, तरी ते काम माणसाला एरवी न जमणारे आहे. तिथून खाटेपर्यंत दहा पावले आहेत.

यावर सर्वांत कळकळीचा आक्षेप असा, की मग धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरच्या, मेळघाटातल्या बायकांचे काय? जिथे डॉक्टर नाही तिथेच यंत्राची गरज जास्त, असे मन सांगते. मला ही कळकळ पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच त्या बाईच्या हाती नुसता इशारा देणे मला अन्यायाचे वाटते. रात्री दोन वाजता पाड्यावर मोबाइलने धोका दाखवला, रेंज असली, १०८ला फोनही लागला, तरी पावसाळ्यात गाडी कुठपर्यंत येणार हा प्रश्न पॅचने सुटत नाही. महाराष्ट्रात आदिवासी भागांसाठी माहेर घर ही योजना आहे: दिवस भरत आले, की गरोदर बाईने नातलगासह प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ येऊन राहायचे. माझ्या मते अशा ठिकाणी पॅच लावावा, कारण तिथे इशारा आणि इलाज एका आवारात आहेत. घरच्या मोजमापालाही जागा आहे, पण नेमकी. फिलाडेल्फियात गरोदरपणी रक्तदाब वाढलेल्या २०६ बाळंतिणींपैकी निम्म्यांना घरी जाताना बीपीचे साधे यंत्र दिले आणि मोबाइलवर संदेश पाठवून आकडे मागवले. पहिल्या दहा दिवसांतला आवश्यक रक्तदाब त्यांच्यापैकी ९२ टक्क्यांचा मिळाला. ज्यांना दवाखान्यात बोलावले होते त्यांच्यापैकी ४४ टक्क्यांचाच. धोका कोणाला आहे हे ठाऊक होते, आकडा कोण वाचणार हेही ठरलेले होते.

दुसरा आक्षेप सिझेरियनचा, आणि तो मी हलका मानत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच फेरीनुसार देशातल्या खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियनने होतात, सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के. अशा वातावरणात बाळाच्या ठोक्यांचा अखंड आलेख प्रत्येक गरोदर बाईच्या पोटावर चिकटवला, तर सीटीजीने केले तेच पुन्हा, आणि जास्त वेगाने होईल. म्हणून पॅच आधी आईसाठी असावा: तिची नाडी, श्वास, ताप, ऑक्सिजन. बाळाचे ठोके ठरलेल्या अंतराने डॉपलरने ऐकणे कमी धोक्याच्या प्रसूतीत पुरेसे आहे. पॅचवरही तसेच, थांबून थांबून, ऐकता येईल. कर्कश आवाज करून सतत ओरडणारे यंत्र दोन दिवसांत बंद करून ठेवले जाते, हे अतिदक्षता विभागात काम केलेल्या कोणालाही विचारावे. इशारा कधी द्यायचा ती मर्यादा सिस्टरांना सोबत घेऊन, त्यांच्या वॉर्डाच्या वस्तुस्थितीवर ठरवावी लागेल.

तिसरा मुद्दा खात्रीचा. पट्ट्याविना घेतलेल्या रक्तदाबावर निदान करू नये, असे युरोपच्या उच्च रक्तदाब तज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ साली सांगितले. गरोदरपणात तर ते अधिकच लागू: प्री-एक्लॅम्पसियात रक्तवाहिन्यांचा ताठपणाच बदलतो, अंगावर सूज येते, आणि ज्या गणितावर अंदाज उभा आहे त्याचा पायाच हलतो. पॅचने दाब वाढल्याची शंका घ्यावी, खात्री दंडावरच्या पट्ट्याने करावी. ऑक्सिजनचेही असेच. बोटावरचे प्रकाशाचे यंत्र काळ्या त्वचेच्या रुग्णांत ऑक्सिजनची घट जवळजवळ तिप्पट वेळा हुकवते, असे २०२० साली अमेरिकेत आढळले; आपल्या सावळ्या, गडद कांतीच्या बायकांवर वेगळी पडताळणी झाल्याशिवाय कोणतेही सरकारी टेंडर निघू नये. शिवाय त्वचेवर चिकटणारी सोनोग्राफीही प्रयोगशाळांतून तयार होते आहे. ज्या राज्याने १९८८ साली देशात सर्वांत आधी गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा केला, त्याला अशा पॅचकडे पीसीपीएनडीटी कायद्याच्या नजरेने पाहावेच लागेल. पोटातले चित्र दाखवणारे काहीही घरोघर जाता कामा नये.

आणि माहिती कोणाची? सासू, नवरा, विमा कंपनी, नोकरी देणारा, सगळ्यांना ती हवीशी वाटू शकते. बाई रात्री किती वेळा उठली, कोणत्या कुशीवर झोपली, दिवसभर किती चालली हे पॅचला कळते. तिच्यावर घरातल्यांनी पाळत ठेवायला हे हत्यार होऊ नये. वॉर्डात लावायचा आणि घरी जाताना काढायचा, हा नियम इथेही बाईच्या बाजूचा आहे. खासगी बाजारात मात्र उलट दिशेने ओढ आहे: निरोगी, सुखवस्तू, पहिलटकरणीच्या काळजीला गिऱ्हाईक मानून नऊ महिने विकत राहायचे. जिला त्याची गरज सर्वांत कमी तिच्याकडे पैसे आहेत, म्हणून संशोधनाचे लक्षही तिकडेच वळेल, ही भीती मला खरी वाटते.

२०१८-२०च्या आकड्यांनुसार एक लाख जिवंत जन्मांमागे भारतात ९७, महाराष्ट्रात ३३ आणि केरळात १९ माता दगावल्या. महाराष्ट्राला केरळाइतके खाली यायचे, तर उरलेले मृत्यू प्रामुख्याने अशा क्षणांत रोखावे लागतील, जेव्हा बाई रुग्णालयात आहे पण तिच्याकडे लक्ष नाही. त्यासाठी हवी ती चाचणी ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत करता येण्यासारखी आहे. काही ठिकाणी पॅच आधी, काही ठिकाणी नंतर. आणि मोजायचे ते पॅचचे आकडे सीटीजीशी किती जुळले हे नव्हे. इशारा आल्यापासून बाळंतिणीच्या पोटावर हात पडेपर्यंत किती मिनिटे गेली, मॅग्नेशियमचा पहिला डोस कधी मिळाला, किती जणींना रक्त चढवावे लागले, किती सिझेरियन वाढल्या, आणि सिस्टरांची रात्र सोपी झाली की अवघड, हे नोंदायचे. खर्चाच्या अंदाजपत्रकात पॅचच्या किमतीखाली आणखी दोन ओळी हव्यात. एक रात्रपाळीच्या जादा सिस्टरची. दुसरी चिकटपट्टीची, कारण पॅच धुऊन पुन्हा वापरता आला तरी त्याला अंगाशी धरणारी पट्टी दर बाळंतिणीला नवी लागते, आणि सरकारी भांडारात आधी संपते ती हीच.